दोन ससे आणि एक अबोला

बारामती, कसबा
१ ऑगस्ट २०२५

चि. रावजी,

आशीर्वाद. ते द्यायला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून देते आहे.

सोबत राखी आहे. मे महिन्यात मी तुझ्याशी बोलणार नाही असं म्हणाले होते आणि तो शब्द मोडलेला नाही. लिहिणार नाही असं मात्र मी कुठंच म्हटलं नव्हतं. अख्खी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली बाई आहे मी. काय बोलले आणि काय बोलले नाही, हे माझ्या पक्कं लक्षात असतं.

आता कामाचं. बकुळा बिघडली आहे.

गेल्या भाऊबीजेला तू माझ्या ताटात ओवाळणी म्हणून टोपली ठेवलीस. आत सशाची दोन पिल्लं. "आक्का, एकटी राहतीस, सोबत हुईल. दोन्ही माद्या हायत, माझा शब्द हाय." इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या गायी गाभण आहेत की नाहीत हे ज्यानं सांगितलं, त्या पशुधन पर्यवेक्षकाच्या शब्दावर मी कशाला शंका घेऊ? एकीचं नाव बकुळा ठेवलं, दुसरीचं शेवंती. मार्चमध्ये शेवंती बाप झाली. सहा पिल्लं. गल्लीतल्या बायका डिंकाचे लाडू घेऊन बाळंतिणीला बघायला आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. पिल्लं चांगल्या घरी दिली, शेवंतीला तुझ्याकडे परत धाडलं. आणि मे महिन्यात तुझ्या नातवाच्या जावळाला, भर पंगतीत, मी एवढंच म्हणाले की ह्याला नर-मादी कळंना आन सरकारनं जन्मभर पगार दिला. लोक हसले त्यात माझा काय दोष? तू हातातलं आमटीचं पातेलं आदळून मळ्याकडे निघून गेलास. मग मीही भरल्या ताटावरून उठले आणि मिळेल त्या एसटीनं घरी आले. थांब म्हणायला कोणी आलं नाही.

असो. एकटी पडल्यापासून बकुळा माझ्या हाताला दात लावते. स्वतःच्या छातीचे केस उपटते आणि कोपऱ्यात गवत गोळा करून घरटं बांधते. पिल्लू एक नाही. डॉ. समिना, म्हणजे माझ्याच वर्गातली, सातच्या पाढ्याला अडखळणारी, आता जनावरांची मोठी डॉक्टर आहे. ती म्हणते, हे खोटं गाभणपण. गर्भाशय काढून टाकलेलं बरं, कारण सशाच्या माद्यांना वय झालं की तिथे गाठी धरतात. आणि सशाला एकटं ठेवू नये, कुढतो. शेवंतीला परत आणा, पण आधी त्याचंही ऑपरेशन उरका.

तर ते उरकून घे आणि त्याला पाठव.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. भिंतीवरचं कॅलेंडर सहज चाळत होते, तेव्हा दिसलं.

तुझी न बोलणारी,
आक्का

❖

इंदापूर
९ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्रीमती जयवंताआक्का, बारामती

विषय : शेवंतराव (ससा, नर) यांच्या खच्चीकरणास नकार.
संदर्भ : आपले पत्र, राखीसह.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की राखी मिळाली व बांधण्यात आली.

मार्च महिन्यातील घटनेबाबत आपण पूर्वी वारंवार 'चूक' हा शब्द वापरलात. तो योग्य नाही. ससा हे जनावर आमच्या खात्याच्या कामात नव्हतं. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी विचारा. दोन महिन्यांच्या पिल्लात जे दिसलं ते मी सांगितलं, पुढे निसर्गाने आपला विचार बदलला असेल तर त्याला मी जबाबदार नाही.

शेवंतराव इथे मजेत आहेत. त्यांचं नाव मी दुरुस्त करून घेतलं आहे, आपणही घ्यावं. खच्चीकरणाचं म्हणाल तर तालुक्यातले किती खोंड मी चिमट्याखाली घातले त्याची गणती नाही. आमचा परिचर लियाकत पाय धरायचा, मी चिमटा दाबायचो, पुढच्याला बोलवायचो. पण शेवंतराव सकाळी माझ्या पायाशी येऊन बसतात आणि वर बघतात. त्यांना मी हात लावू देणार नाही.

शिवाय नर कधी सासुरवाडीला राहायला जात नसतो. बकुळेस इंदापुरी पाठवावे.

आपला,
रावजी
पशुधन पर्यवेक्षक (निवृत्त)

मागच्या बाजूला :

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मागं चार ओळी लिहिते. शेवंतराव मजेत आहेत हे खरं, पण घरातलं दुसरं कोणी मजेत नाही. मेला माझ्या चपलेवर चढतो. नव्या सोफ्यावर शेपटी वर करून फवारा मारतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "हद्द आखतोय, आखू दे."

राखी मी बांधते म्हटलं तर नको म्हणाले. एका हाताने आणि दाताने गाठ मारत बसले. फोन वाजला की आधी नाव बघतात आणि तुमचं नसलं की मग उचलतात. मी काही सांगितलं नाही असं समजा.

तुमची, अनिता

❖

बारामती
१६ ऑगस्ट २०२५

चि. रावजी,

तुझा नकार वाचला. निसर्गाने विचार बदलला, हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं असतं, पण आता घरात फळा नाही.

बकुळेला सासरी पाठवायचं म्हणतोस. पोरगी माझी, त्रास तिला, आणि प्रवासही तिनेच करायचा? ते जमायचं नाही. तुझा शेवंतराव राहू दे तुझ्या सोफ्यावर हद्द आखत. (हे मला कोणी सांगितलेलं नाही. मला आपोआप कळतं.)

मी बकुळेचं ऑपरेशन ठरवलं आहे. गुरुवारी, २१ तारखेला सकाळी. समिना फोनवर ऑपरेशनच्या आधी काय काय करायचं ते सांगत होती. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, माझं स्वतःचं पित्ताशय काढलंय. तिनं फोन ठेवला, तिला सवय आहे. आदल्या संध्याकाळपासून बकुळा कडक उपाशी. पालेभाजी नाही, गवत नाही, काही नाही. मीही काही खाणार नाही. तिला उपाशी ठेवून मी चहात बिस्किट बुडवत बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तुला कळवणं माझं काम होतं, कळवलं. तू यावंस असा ह्यात काही सूर नाही.

आक्का

❖

बारामती
२२ ऑगस्ट २०२५, सकाळी

रावजी,

हे पत्र लियाकतभाईंच्या हाती देते आहे. कापूस न्यायला ते आज इकडे आले आहेत. तुझी नोकरी संपली आणि त्यांनी लासुर्ण्यात गादीचं दुकान टाकलं, पण तुला अजून 'सायेब'च म्हणतात.

काल जे झालं ते आधी लिहून काढते, म्हणजे तुला वेगळं सांगायला नको. मी दवाखान्यात पोचले तर बाकावर तू. मांडीवर कोथिंबिरीची जुडी, तोंडाला कुलूप. मी टोपली खाली ठेवते न ठेवते तोच तू वाकलास, झाकण उघडलंस आणि कोथिंबीर आत कोंबायला लागलास. मला वाटलं, हा मुद्दाम उपास मोडायला आलाय. पोटात काही गेलं की ऑपरेशन रद्द, आणि ह्याचाच हेका खरा. मी टोपली ओढली. तू ओढलीस. कोथिंबीर उडाली ती शेजारच्या बाईंच्या कुत्र्याच्या डोक्यावर. साठी ओलांडलेली दोन माणसं टोपलीची रस्सीखेच करतायत आणि दोघांच्याही तोंडून आवाज नाही! त्या बाईंनी कुत्रं उचलून कडेवर घेतलं.

समिना बाहेर आली. "बाई, उपाशी ठेवलंत का काय हिला?"

मी अभिमानाने म्हटलं, "काल संध्याकाळपास्नं."

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो बाई, सशाला उलटी हुतच न्हाय. त्याला आपरेशनपातूर खायला घालायचं आस्तं. पोट रिकामं ऱ्हायलं की आतडीच थांबतात. त्या दिशी मी हेच सांगत हुते." मग तुझ्याकडे वळून, "काका, आधी चार काड्या खाऊ द्या तिला. आन शेवंतरावांचे टाके वाळले का?"

टाके! नकाराचं पत्र नऊ तारखेचं आणि पुढच्याच आठवड्यात तू त्याला ह्याच दवाखान्यात, ह्याच टेबलावर घेऊन आला होतास. समिना म्हणाली, तो बाहेर येईपर्यंत काका कोपऱ्यात डोळे पुसत होते. हजार खोंडांचा धनी!

पण रावजी, मला खरा राग कशाचा आला सांगू? पन्नास किलोमीटर आलास. पहाटेची गाडी पकडलीस. तोंड उघडून एक वाक्य सांगायला काय झालं होतं?

आता खरं लिहिते. ऑपरेशन नीट झालं, तेवढं ऐकून तू गाडी धरलीस. पण शुद्धीवर आल्यापासून बकुळेनं कशालाही तोंड लावलेलं नाही. समिना पिचकारीनं पातळ भरवते, ते निम्मं बाहेर येतं. लेंडी पडलेली नाही. आज पोट चाललं नाही तर अवघड आहे, असं ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली. मला फार भीती वाटते. मीच तिला उपाशी ठेवलं. तुला जनावरातलं कळतं. काय करू ते लगेच कळव.

आक्का

❖

इंदापूर
२२ ऑगस्ट २०२५

आक्का,

लियाकत लासुर्ण्याला न थांबता थेट इथे आला. त्याच्याच टेम्पोतून हे परत पाठवतो.

सोबत पेरूची कोवळी पानं आहेत, ओल्या फडक्यात. बांधावरच्या त्याच झाडाची, ज्याच्यावरून तू मला ढकलून दिलं होतंस. धुऊन घे. एकेक पान तिच्या नाकापाशी धर आणि तू दुसरीकडे बघ. तिच्याकडे टक लावून बसू नकोस. तुझ्या नजरेपुढं आम्ही भावंडं कधी धड जेवलो नाही, तिथं सशाचं काय. बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळ आणि तिच्या कुशीला ठेव. समिना देते ते औषध आणि पिचकारी बंद करू नकोस. ती पोरगी हुशार आहे, तिचं ऐक.

का बोललो नाही म्हणतेस. तुझं पत्र आदल्या संध्याकाळी हातात पडलं. अनिता कऱ्हाटीला माहेरी गेली होती. दवाखान्याचा फोन सकाळपर्यंत कोणी उचलत नाही. मी तुझं नाव काढलं, बटणावर बोट ठेवलं आणि मला वाटलं, फोन केला की ही म्हणणार, हरला. म्हणून स्वतः यायचं ठरवलं. हा गाढवपणा आहे हे मला भवानीनगरच्या आसपास कळलं, पण तिकीट काढलं होतं.

शेवंतरावांचं म्हणशील तर तू मागितलं होतंस म्हणून केलं. नकार दिला होता तो फक्त कागदावर.

लेंडी पडली की कळव. मी दाराशीच बसून आहे.

रावजी

❖

बारामती
२५ ऑगस्ट २०२५

चि. रावजी,

पडली!

अनिताला फोनवर कळवलं होतंच आणि तू शेजारी उभा राहून "किती? कशी? कोरडी का ओली?" असं तिच्या कानात विचारत होतास तेही ऐकलं. तरी लेखी कळवते. तुझी पानं नाकापाशी धरून मी भिंतीकडे तोंड केलं. जरा वेळाने कुरूकुरू आवाज आला. मान वळवायची फार इच्छा झाली, पण नाही वळवली. पाच पानं संपली. सकाळी वाटीभर लेंड्या. मी शेजारणीला हाका मारून दाखवल्या. तिला वाटलं, मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं.

झाडावरून मी तुला ढकललं नव्हतं. तू पडलास.

आता पुढचं. समिना म्हणते, दोघांचे टाके भरू देत, अंगातली रग उतरू दे, मग गाठ घालून द्या. पण एवढे महिने लांब राहिलेले ससे एकमेकांना विसरतात. त्याला माझ्या घरी आणलं तर बकुळा आपली हद्द म्हणून तोडेल आणि तिला तुझ्याकडे नेलं तर तो तोडेल. जागा अशी हवी की जी दोघांचीही नाही, जिथं दोघांनाही कशाचा वास ओळखीचा नाही.

म्हणजे तुझ्याकडचं सासर पण गेलं आणि माझं घर पण गेलं. लियाकतभाईंना विचारलं. त्यांची गाद्या शिवायची मागची खोली रविवारी रिकामी असते. लासुर्णे दोघांनाही सारखंच पडतं.

पण सप्टेंबरात पितृपक्ष आहे, तेव्हा तो संपल्यावर बघू.

आक्का

❖

इंदापूर
१५ सप्टेंबर २०२५

विषय : कालच्या पहिल्या बैठकीचा अहवाल.

पितृपक्षात शुभकार्य नको असं तू म्हणत होतीस. हे लग्न नाही, समेट आहे. समेटाला मुहूर्त बघत बसलं तर वैर पिकत जातं. तू माझं ऐकून आलीस ह्याची नोंद घेतली आहे.

झालं ते असं. खोलीत गेल्यावर शेवंतराव एका कोपऱ्यात, बकुळाबाई दुसऱ्या. पाठी एकमेकांकडे. मग शेवंतराव पुढे सरकले, वास घेतला आणि बकुळाबाईंनी त्यांच्या ढुंगणाचा लचका तोडला. खोलीभर केस उडाले, लियाकतला वाटलं उशीच फाटली. मी झाडू मध्ये घातला. भांडण थांबवणाऱ्याचा हात सशांच्या मध्ये जाऊ नये, हे तुला ठाऊक नव्हतं म्हणून तुझ्या बोटाला लागलं. हळद लावलीस का?

आपल्या दोघांबद्दल लिहायचं तर लियाकतची मान दुखत असणार. "लियाकत, त्यास्नी सांग टोपली मागं घ्या." "लियाकतभाई, त्यास्नी सांगा, टोपली त्यांचीच म्होरं हाय." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लेकही लियाकत आणि सूनही लियाकत. शेवटी तो म्हणाला, "आक्का, सायेब, मी चा आणतो, तवर तुमी तुमचं सशांना सांगा." आणि तू खरंच सशाला सांगितलंस. "शेवंते, तुझ्या मालकाचा शर्ट उलटा हाय." मी खोलीबाहेर जाऊन बघितलं. होता.

पुढचा रविवार कायम.

रावजी

❖

बारामती
२९ सप्टेंबर २०२५

चि. रावजी,

हळद लावली होती. बोट बरं आहे.

कालच्या बैठकीबद्दल तुझा गैरसमज झालेला दिसतो. शेवंती बकुळेसमोर गेला आणि त्यानं मान जमिनीला टेकवली, तेव्हा तू मांडीवर थाप मारून लियाकतभाईंना म्हणालास, "बघ, नर आसून नमला. मोठं मन लागतं त्याला." मी आज समिनाला विचारलं. ती हसायला लागली. म्हणाली, "बाई, मान खाली घालणारा नमत न्हाय, हुकूम सोडतो. मला चाट म्हनतो." आणि बकुळेनं त्याचं कपाळ चाटलं ते त्याचं मन राखायला. म्हणजे मोठं मन कोणाचं, ते तूच ठरव.

तरी अजून कच्चं आहे. चाटून झाल्यावर बकुळेनं एक कान मागे घेतला, तो मला बरा वाटला नाही. घाई करून पुन्हा लचका तोडला म्हणजे? अजून एखाद-दोन रविवार बघावं.

गेल्या खेपेला तू खारे शेंगदाणे आणले होतेस ते चांगले होते. सशांना देऊ नयेत, पण आणायला हरकत नाही.

आक्का

❖

इंदापूर
६ ऑक्टोबर २०२५

आक्का,

तुझं निरीक्षण बरोबर आहे. कच्चं आहे. काल दोघं एकाच गादीवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले होते, पण शेवंतरावांची मिशी झोपेत हलत होती. ते अविश्वासाचं लक्षण असू शकतं. ह्या बाबतीत मी पूर्वी एकदा घाईने मत दिलं होतं आणि तू ते अजून विसरलेली नाहीस. तेव्हा सावकाश घेऊ. रविवार चालू ठेवावेत.

शेंगदाणे घेतले आहेत.

रावजी

❖

लासुर्णे
१३ ऑक्टोबर २०२५

जयवंताआक्का आणि रावजीसाहेब,

दोघांना सलाम. एकाच मजकुराची दोन पत्रं लिहिली आहेत, कारण एकाला लिहिलं तर दुसरं म्हणेल, तिकडून शिकवून आलंय.

मी गादीवाला माणूस, सशातलं मला काय कळतं. पण ज्या गादीवर ते बसतात ती मीच झाडतो. पहिल्या रविवारी ओंजळभर केस निघाले. दुसऱ्या रविवारी चिमूटभर. त्यापुढं एक केस सापडला नाही. तुम्ही दोघं चहा पिताना मी फटीतून बघतो. ससे एकमेकांना चाटतात, एकाच काडीची दोन टोकं दोघं धरून खातात. आणि तुम्ही दोघं भिंतीला टेकून "कच्चं हाय, कच्चं हाय" करत शेंगदाणे खाता. ससे कधीच जमले. न जमलेली दोन जणं वेगळीच आहेत, आणि त्यांच्यासाठी माझी खोली अडून बसली आहे.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आहे. रुखवताच्या गाद्यांची कामं आली आहेत, मला जागा पाहिजे. येत्या रविवारपासून खोली बंद. घरवालीला, शमाला, हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, जरा गोड शब्दात लिहा. मी म्हटलं, अगं, दोघांनी जन्मभर हुकूमच दिलेत, त्यांना हीच भाषा कळते.

साहेब, एक सांगून टाकतो. जावळाच्या दिवशी आक्का गेल्यावर तुम्ही मळ्यातून परत आलात आणि आधी विचारलंत, "आक्का जेवली का?" मी न्हाय म्हटलं. तुम्ही त्यांचं ताट झाकलंत, आणि दिवे लागले तरी कुणाला ते हलवू दिलं नाहीत. स्वतःही घास खाल्ला नाही. आजवर आक्कांना हे बोललो नाही, कारण तुम्ही शपथ घातली होती. पण शपथ बोलण्याची होती. लिहिण्याची नव्हती. ही युक्ती आक्कांचीच.

आपला,
लियाकत

❖

बारामती
२७ ऑक्टोबर २०२५

चि. रावजी,

काल फोनवर तू म्हणालास की भाऊबीजेला पहिला शब्द मी बोलले. फोनवर तू ओरडतोस आणि रेटून नेतोस, म्हणून लेखी देते. साक्षीला अनिता आहे.

तू दारात आलास. एका हातात शेवंतीची टोपली, दुसऱ्या हातात आपल्या आईचा पितळी डबा. काही न बोलता पाटावर बसलास. मी ताट घेऊन आले. कुंकू लावायला बोट पुढे केलं तर तू मान खाली घातलीस, इतकी खाली की मला तुझं कपाळच दिसेना, नुसती मानगूट दिसायला लागली. मला समिनाचं बोलणं आठवलं. हा नमत नाही, हुकूम सोडतोय. मी तशीच बोट धरून उभी. मनात म्हटलं, तूच बोल आधी. निरांजन फडफडलं. अनिताने मागून "अवो!" केलं, ते धरत नाही.

मग तू डबा माझ्या पायाशी सरकवलास आणि झाकण काढलंस. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, भजी. जावळाच्या पंगतीत मी टाकून उठले होते ते सगळं. आणि मान वर न करता म्हणालास, "आक्का, आदी जेव. माज्या घरातनं उपाशी गेलीस."

हा पहिला शब्द. तुझा.

त्यानंतर मी जे रडले, ते बोलण्यात जमा होत नाही. आई-आबा गेल्यावर माझं माहेर म्हणून तू एकटाच उरला आहेस, रावजी, आणि पाच महिने मला वाटत होतं की माझ्या जिभेनं मी तेही घालवलं. वाटेत थांबवायला कोणी आलं नाही म्हणून मी रुसून बसले, आणि इकडे तू माझं ताट झाकून बसला होतास. नर-मादीचं ते बोलणं मी पंगतीत बोलायला नको होतं. घरात बोलायचं होतं.

आपण दोघं एकाच ताटातून जेवत होतो तेव्हा तुझ्या ओवाळणीच्या ताटातली झेंडूची फुलं सशांनी मिळून संपवली. कच्चं नाही आता, पक्कं आहे.

तू त्यांना इथेच ठेवून गेलास. जाताना शेवंतीच्या कपाळावर हात ठेवून पाठमोरा झालास ते मी पाहिलं. घर सुनं वाटत असेल. पण समिना म्हणते, जमलेली जोडी सारखी ह्या घरातून त्या घरात हलवू नये. माणसांनी हलू नये असं काही ती म्हणाली नाही. लियाकतभाईंची खोली बंद झाली, माझी उघडी आहे. रविवारी येत जा. अनितालाही आण. डबा आणू नकोस, इथं जेव.

आता बोलणारी,
आक्का

❖

(पोस्टकार्ड)

इंदापूर
१ नोव्हेंबर २०२५

विषय : चूक.
संदर्भ : मार्च महिन्यातील सहा पिल्ले.

मान्य.

उद्या पहिल्या गाडीने निघतो आहोत. शेवंतीसाठी पेरूची पानं आणतो. दोन भाकरी जास्त टाक.

तुझा,
रावजी